शाळा सोडण्याचं कारण

मे संपत आला की आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. सहा शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाचं, आणि भिंतीला टेकून टेरिकॉटचे ठाण. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, फार तर शेंगाचटणी. तुमच्या गावच्या पोरांच्या अंगावरचा गणवेश आमच्याकडे शिवलेला असू शकतो, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. पूर्व भागातले माग एकेक करून थांबत गेले आणि त्याच घरांत शिलाई मशीन आल्या. माझीही तशीच आली. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. मी आता कुंभारीच्या विडी घरकुलात बसून शाळेचे कपडे शिवते.

गेल्या वर्षी अशाच गर्दीत माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी आल्या. चौघी नववीत जाणाऱ्या. भाचीच्या हातात तिची जुनी कमीज.

"मावशी, ह्याला खिसा लावून दे."

"सीझन संपू दे गं."

"नाही, शाळा सुरू व्हायच्या आत पाहिजे. चौघींना."

मी मशीन थांबवलं ते वैतागून. पण कमीज हातात घेतली आणि जरा गप्पच झाले. मुलांच्या पँटला दोन बाजूचे खिसे, मागे एक, शर्टाला छातीवर एक. हे चार खिसे मी झोपेतही लावू शकते. मुलींच्या कमीजला एकही नाही. बावीस वर्षं शिवतेय, हजारो कमिजा हाताखालून गेल्या, आणि खिसा का नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नमुन्यात नसतो म्हणून लावत नाही, एवढंच.

शिवलेल्या कमीजला खिसा लावणं कटकटीचं काम आहे. कमरेपासून बाजूच्या कटापर्यंत जेमतेम वीतभर शिवण मिळते. ती उसवायची, पॉपलीनची पिशवी आत सरकवायची, तोंडाला दुहेरी टीप मारायची, नाहीतर महिन्याभरात तिथूनच फाटतं. पिशवी जास्त खोल झाली तर कटातून जिभेसारखी बाहेर लोंबते. सहा इंचांच्या वर जाता येत नाही.

"सहा इंचांत काय ठेवणार तुम्ही?"

एकीने बोटांवर मोजून दाखवलं. एक पॅड, घडी करून. दहाची नोट. पेन्सिलचा तुकडा. आणि एक चिठ्ठी.

"चिठ्ठी कसली?"

चौघींनी एकमेकींकडे बघितलं. भाची म्हणाली, "नंतर सांगते."

मी लावून दिले. पैसे घेतले नाहीत, पण बडबड केली.

*

चिठ्ठीकडे येण्याआधी जॅकेटचं सांगायला हवं, कारण त्यात माझा स्वार्थ आहे.

त्यांच्या शाळेत पूर्वी ओढणी होती. व्ही करून दोन्ही खांद्यांना पिनांनी टाचायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरी धावल्या की ओढणी सरकते. पोरींचं धावणं तर आधीच कमी झालेलं होतं, तरी सरकते म्हणे. म्हणून कमीजवर बिनबाह्यांचं जॅकेट आलं, समोर चार बटणं. सोलापुरात मार्चमध्येच पारा चाळिशीकडे झुकतो. त्या उन्हात टेरिकॉटच्या कमीजवर टेरिकॉटचं जॅकेट. वर्गात पंखा असतो तो सरांच्या डोक्यावर.

आणि ते जॅकेट मी शिवते. एका नियमामागे मला चारशे नगांचं काम मिळालं. भाचीने पहिल्यांदा कुरकुर केली तेव्हा "घाल की गं, काय झिजतं तुझं?" असं तिला म्हणणारी मीच होते. नियमावर पोट असलं की नियम फारसा वाईट दिसत नाही.

*

मी नववीत होते त्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला, म्हणजे १९९३. आम्ही अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहायचो. शाळेच्या वाटेवर एक पानटपरी होती आणि तिथे लुना लावून एक माणूस उभा असायचा. पोरगा नव्हे, चांगला बाप्या. रोज माझ्या मागे यायचा, घरच्या बोळापर्यंत. बोलायचा काही नाही. लुनाचा आवाज तेवढा मागून. आजही तसा फटफट आवाज आला की माझी मान आपोआप आखडते.

जत्रेतले हात ही वेगळी गोष्ट होती, त्याची तयारी असायची. संक्रांतीला गड्ड्यात जाताना अम्मा आम्हा बहिणींच्या हातात एकेक सेफ्टी पिन द्यायची. नंदीध्वज बघायचे, पाळण्यात बसायचं, आणि मुठीत पिन उघडी ठेवायची. कशासाठी ते तिने कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सोलापुरातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, पिन तिच्याही मुठीत असणार.

लुनाला पिन टोचता येत नाही. तीन महिने झाल्यावर मी अम्माला सांगितलं. ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. फर्मा ठेवून पान कापत होती. कात्री थांबली. तिने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सप्पुडु चेय्यकु," म्हणाली.

आम्ही घरात तेलुगू बोलतो. याचा अर्थ, आवाज करू नको.

पुढच्या सोमवारी वडील अर्ज घेऊन शाळेत गेले. माझा दाखला अजून माझ्याकडे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या अर्जावरून. मी बरीच वर्षं मनाशी हेच धरून होते की माझी चूक लुनाच्या वाटेने जाण्यात नव्हती, घरी सांगण्यात होती. सांगितलं नसतं तर दहावी झाली असती. पुढे लग्नानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली, ती गोष्ट निराळी.

आता हीच अम्मा बाहेर कशी होती ते सांगते. विडी कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला माणूस मूठमूठ विड्या बाजूला काढायचा. ही सैल, ही वाकडी. छाट म्हणायचे. छाटलेल्या विड्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. दिवसभर हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या हातातून असे शंभर-दीडशे सहज जायचे. एकटीने भांडली तर दुसऱ्या दिवशी पानं खराब मिळायची. म्हणून बायका एकट्याने भांडायच्या नाहीत, लाल बावट्याच्या मोर्चात भांडायच्या. कलेक्टर कचेरीसमोर अम्माचा आवाज मी ऐकलाय. शिरा ताणून, मूठ वर करून, पोलिसांच्या तोंडावर. अशा हजारो बायकांच्या जिवावर पुढे दहा हजार घरांचं हे विडी घरकुल उभं राहिलं. त्याला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे.

आणि गावाला तर याचा अभिमान केवढा! मे १९३० मध्ये इंग्रजांना इथे मार्शल लॉ लावावा लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. दर बारा जानेवारीला भाषण होतं, सोलापूरला गप्प बसणं ठाऊक नाही. मी ते भाषण शाळेच्या रांगेत उभी राहून ऐकलंय, लुनावाला शाळेबाहेर उभा असताना.

अम्मा दुटप्पी होती असं मला आता वाटत नाही. मजुरी सगळ्यांची असते, अब्रू एकटीची, असा तिचा हिशेब होता. छाट सगळ्यांच्याच विड्यांना लागायची हे तिला दिसत होतं. माझ्या मागे येणारी लुना आणखी कुणाच्या मागे जाते का, हे तिला कळायची सोयच नव्हती. कारण त्या दुसरीच्या घरीही तेच सांगितलेलं असणार: सप्पुडु चेय्यकु.

*

गेल्या श्रावणात भाचीने मला ती वही दाखवली. साधी शंभर पानी, चौकटीची. खिशातल्या चिठ्ठ्या संध्याकाळी हिच्यात उतरवल्या जात होत्या.

आकाशकंदिलाचा आराखडा काढावा तसा पहिल्या पानावर शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा. बस थांबा, पाण्याची टाकी, क्लासची गल्ली, बंद पडलेला कारखाना. जागोजागी लाल पेनाने फुल्या. पुढच्या पानांवर तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं. नाव कुणाचंच नाही, मुलींना आकडे दिलेले. "७ नंबर, टाकीजवळ, ५.२०, गाडी आडवी लावली." "३ नंबर, बसमध्ये, मागून." "११ नंबर, क्लासच्या जिन्यात, काका म्हणतो त्यांनी." गाडीचा आकडा दिसला असेल तर तोही. एमएच १३ आणि पुढचं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आधी आम्हाला वाटायचं आपल्यालाच होतंय. मग मधल्या सुट्टीत बोलता बोलता कळलं की त्या गाडीवाल्याला पाच जणी ओळखतात."

पाच जणी! मी ती वही घेऊन बराच वेळ बसले. अम्माला जे दिसायची सोय नव्हती ते ह्या पोरींनी चौकटीच्या वहीत मांडलं होतं. आईबापांना मात्र त्यांनी काही सांगितलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

शाळेत सांगितलं होतं, आणि त्याचं फळ लगेच मिळालं. सूचना लागली की मुलांची शाळा पाचला सुटेल आणि मुलींना दहा मिनिटं उशिरा सोडलं जाईल, म्हणजे मुलं पांगलेली असतील. ऐकायला किती शहाणपणाचं! घडलं भलतंच. पाचची बस गेलेली असायची, पुढची पाऊण तासाने. आणि भाचीच्या शब्दांत सांगायचं तर, "आधी त्याला वाट बघत थांबायला लागायचं. आता बरोबर पाच दहाला येतो, आम्ही सगळ्या एकदम मिळतो."

वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी शाळेच्या नियमांचे दोन रकाने केले होते. मुलींच्या रकान्यात जॅकेट, दोन वेण्या, मधल्या सुट्टीत कंपाउंडपाशी जायचं नाही, गेटवर थांबायचं नाही, सायकल चालवत आत आणायची नाही, मोठ्याने हसायचं नाही (हा लेखी नव्हता, पण पोरींनी घेतला होता), दहा मिनिटं. पान भरून खाली बाण. मुलांच्या रकान्यात तीन ओळी: केस बारीक, शर्ट आत, मोबाइल नाही. मोबाइलसाठी दप्तरं मात्र मुलींचीच तपासली जायची.

त्याच जुलैत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरची बातमी आली होती. एका शाळेत स्वच्छतागृहाच्या फरशीवर रक्त दिसलं म्हणून मुलींना गोळा करून कुणाची पाळी चालू आहे ते तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या दिवशी भाची माझ्याकडे येऊन नुसती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या बाथरूमला कडी नाही, मावशी. एक जण आत, एक जण दार धरून. पॅड दप्तरात, दप्तर वर्गात, वर्गात सर." तेव्हा मला खिशाची लांबीरुंदी नीट कळली.

*

वहीतली ४ नंबर दिवाळीनंतर शाळेत आली नाही.

तिच्या घरी गाडीवाल्याचं कळलं होतं. दुसऱ्याच कुणाकडून, चार पदर लागून. वडिलांनी दाखला काढला. दोन आठवड्यांत पाहुणे बघून गेले अशी कुजबुज. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये शंभरात चाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. हा आकडा पेपरात आला की लोक गरिबी म्हणतात, ऊसतोड म्हणतात, अडाणीपणा म्हणतात. असेलही. पण त्यातल्या कितीजणींचं लग्न एखाद्या पानटपरीवर ठरलं असेल, हे कुठल्या पाहणीत येत नाही. पोरीच्या मागे कुणी लागलं की बापाला दोनच वाटा दिसतात. घर, नाहीतर सासर.

एका वकील मॅडमना मी ओळखते, त्यांच्या मुलाचे कपडे शिवते. त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग सांगितलं की अठराच्या आतल्या मुलीचा लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग करणं, तिच्यावर नजर ठेवणं हे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या अकराव्या कलमात बसतं. आणि ज्याला असं कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, हे एकोणिसावं कलम. "तुमच्या सरांनी दहा मिनिटांचा नियम केला, तो करणं त्यांच्या हातात होतं. कळवणं मर्जीवर नव्हतं." जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, होता होईल तो महिला अधिकाऱ्याने, तोही गणवेशात न येता, हेही त्यांनी सांगितलं. एवढं सगळं कायद्यात लिहिलेलं आहे आणि आम्ही पोलीस चौकीच्या पायरीला घाबरून बसलो होतो.

निघताना त्यांनी पोरींना मथुराची गोष्ट सांगितली. १९७२ साली, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. पोरींपेक्षा फार मोठी नव्हती ती. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही, आरडाओरडा केल्याचं खरं वाटत नाही. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

मी रिक्षात बसून त्याचाच विचार करत होते. घरी सांगायचं, आवाज करू नको. कोर्टात विचारायचं, आवाज का केला नाहीस?

*

तीन जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती. हिरवं लुगडं, आडवं कुंकू, "मी सावित्री बोलतेय". दरवर्षी चौथी-पाचवीतली एखादी गोड पोरगी करते. यंदा भाचीने नाव दिलं. शेण मारल्याचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या तो. भाची तिथे थांबली आणि कागदावर नसलेलं बोलली: "मी लुगडं बदललं. वाट नाही बदलली. आणि जोतिबा मला म्हणाले नाहीत की ते लोक घरी गेल्यावर दहा मिनिटांनी जा."

टाळ्या पडल्या, मुलींच्या बाजूने जरा जास्तच. सरांना आधी कळलं नाही. मग कळलं. पालकसभेची तारीख त्यामुळे लागली की आधीच ठरलेली होती, याबद्दल दोन मतं आहेत.

सभेला पन्नासेक बायका आणि सात-आठ पुरुष. सरांबद्दल मला राग नाही, हे आधी लिहिते. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा माणूस. बदलापूरनंतर, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वेच्या रुळावर उतरले त्यानंतर, सगळ्या शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती असं सगळं दाखवावं लागत होतं. आमच्या शाळेनेही दाखवलं. कॅमेरा बसला तो मुली उभ्या राहतात त्या कट्ट्याकडे तोंड करून. समितीचा फलक रंगवला, त्यावर विद्यार्थिनी प्रतिनिधी म्हणून जिचं नाव होतं ती दोन वर्षांपूर्वीच दहावी होऊन गेली होती. पेटीची किल्ली सापडत नव्हती.

सर म्हणाले, मुलींच्या भल्यासाठीच सगळं आहे. एका आईनेही मान डोलावली, खरं आहे, जग वाईट आहे. मागून एका बाप्याने ठेवणीतलं काढलं: "टाळी एका हातानं वाजत नसते."

पुढच्या रांगेतल्या एका विडीवाल्या बाई मागे वळल्या. "टाळी नाही वाजत. थोबाडीत वाजते की, एका हातानं." सभा जरा जागी झाली.

मग भाचीने वही वाचली. नावं न घेता, आवाज न चढवता, किराणाची यादी वाचावी तशी. तारीख, वेळ, जागा. तारीख, वेळ, जागा. चौथ्या पानावर बायकांची चुळबुळ थांबली. ७ नंबर म्हणजे आपलीच का, हे प्रत्येक आई मनात जुळवत होती. वाचून झाल्यावर तिने मागणं मांडलं: दहा मिनिटं राहू द्या, पण आमच्याऐवजी मुलांना थांबवा.

दाराशी उभ्या दहावीतल्या पोरांपैकी एक जण चिडून म्हणाला, "आम्ही काय केलं बे?"

"आम्ही तरी काय केलं होतं?" ती म्हणाली.

पोरगा गप्प झाला. मला तो पोरगा आवडला, कारण प्रश्न रास्त होता. सगळ्या पोरांना दावणीला बांधणं मलाही पटलेलं नव्हतं, अजून पटत नाही. तोच पोरगा पुढच्या आठवड्यात वहीत लिहायला एका गाडीचा आकडा घेऊन आला.

पण मला त्या सभेतलं आठवतं ते वेगळंच. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, वयाने माझ्याएवढ्याच, ओळख नाही. भाची वाचत असताना त्या पुटपुटल्या, "आमच्या वेळी लुना होती."

मी वळले. "अशोक चौकात? पानटपरीपाशी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हिरवी?"

"हिरवीच," त्या म्हणाल्या.

आम्ही पुढे काही बोललो नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला, मी माझ्या चपलेकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं. त्यांची शाळा माझ्या शाळेच्या मागच्या गल्लीत होती. सातवीत काढली त्यांना.

*

निकाल काय लागला ते पटकन सांगून टाकते, फार मोठा नाही. दहा मिनिटं रद्द झाली, सगळे एकदम सुटतात, आणि कोपऱ्यावर दोन शिक्षक पाळीने उभे राहतात. एका मुलीचे रिक्षावाले वडीलही स्वतःहून थांबतात. बाथरूमला कडी आली. फलक नव्याने रंगवला, त्यावर दोन मुलींची नावं आहेत आणि त्या दोघी खरंच शाळेत आहेत. गाडीवाल्यासाठी पोलिसांच्या महिला पथकातल्या दोघी साध्या कपड्यांत एका मुलीच्या घरी येऊन जबाब घेऊन गेल्या. तो गाडीवाला आता टाकीकडे दिसत नाही. दुसरीकडे कुठे दिसत असेल तर वहीत तिथली पानं नाहीत.

जॅकेट आहे. संस्थेला विचारावं लागेल, म्हणाले. विचारताहेत.

घरी अम्मा हे सगळं ऐकून होती. आता तिला नीट दिसत नाही, पण बोटं अजून हवेत पान वळतात. भाचीने कुठल्या तरी रीलमधला शब्द वापरला, फेमिनिझम.

"अंटे एंदी?" अम्माने विचारलं. म्हणजे काय?

भाचीने थोडा विचार केला. "अव्वा, विड्या छाटल्या की कारण विचारायचं, तसं."

अम्मा हसली नाही. बऱ्याच वेळाने तिने मला हाक मारली आणि विचारलं, त्या लुनावाल्याचं नाव काय होतं. मला माहीत नव्हतं. बत्तीस वर्षांत तिने त्याबद्दल विचारलेली ती पहिली गोष्ट.

*

४ नंबर शाळेत परत गेली नाही. पाहुण्यांचं मोडलं, कसं ते इथे लिहीत नाही, पण मोडलं. तिच्या दाखल्याची झेरॉक्स मी बघितली. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, कारण: पालकांच्या अर्जावरून. कॉम्प्युटरने छापलेलं आहे आता, एवढाच फरक. ती १७ नंबरचा फॉर्म भरणार आहे. तिच्या घरात दोन माग चालू असतात, खटखटीत वाचन होत नाही, म्हणून दुपारी माझ्याकडे येऊन बसते, काज-बटणाच्या मशीनशेजारी. भूगोल तिला जमतो, गणित नाही. मलाही जमायचं नाही.

यंदाचा सीझन सुरू झालाय. जॅकेटांची ऑर्डर आहेच. त्याला मी आतल्या बाजूने, अस्तराच्या उरल्या तुकड्यांतून, एकेक खिसा लावतेय, नमुन्यात नसलेला. परवा व्यापारी माल न्यायला आला, एक जॅकेट उलटंपालटं करून बघितलं, म्हणाला, "ह्याचे पैसे मिळणार नाहीत हं."

तो गेल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि पिशवीतून एक ड्रेस काढला. घरात घालायचा, फुलाफुलांचा.

"ह्यालाही लावून द्याल?"

"तुला आता कुठे गणवेश आहे?"

"ह्यालाच पाहिजे," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना."